डाळिंबाच्या साली, तांब्याचं पाणी

आई गेल्यावरही मला रोज पहाटे पाचलाच जाग येत राहिली. उठायला कारण उरलं नव्हतं. अकरा वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, उजवी बाजू पूर्ण गेलेली. पाचला तिची कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, मग दिवसभर सांभाळणारी बाई आली की मी कॉलेजला जायची. संध्याकाळी परत तेच. या अकरा वर्षांत माझं लग्न राहून गेलं असं नातेवाईक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आधी लोक विचारायचे, मी थांबा म्हणायची. पुढे विचारायचे थांबले आणि मीही कुणाला आठवण करून दिली नाही, इतकंच.

बारामतीत माझं दोन खोल्यांचं घर आहे. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आई होती तेव्हा घरात बोलणं फार नव्हतं, तिची जीभ जड झाली होती. पण मी बोलायची. आज काय शिकवलं, कोण काय म्हणालं, भाजी कशी मिळाली. ती डोळे माझ्याकडे लावून ऐकायची. ती गेल्यावर एके दिवशी माझ्या लक्षात आलं की शुक्रवारी शेवटचा तास संपल्यापासून सोमवारी हजेरी घेईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्दही निघालेला नाही. हजेरी घेताना आवाज फुटेना, घसा खाकरावा लागला. मुलांना वाटलं, मॅडमना सर्दी झाली.

त्याच आठवड्यात मी पीएचडीला नाव घालायचं ठरवलं. वय सत्तेचाळीस. माझे मार्गदर्शक पुण्याचे, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्यांनी विषय सुचवला: पाण्यात विरघळलेले धातू टाकाऊ जैविक वस्तूंनी काढायचे. उसाची चिपाडं, भुईमुगाची टरफलं, शेवग्याच्या बिया, फळांच्या साली, काहीही. या वस्तूंच्या अंगावर अशा जागा असतात की पाण्यातला धातू तिथे येऊन चिकटतो. "तुमच्या भागात काय फुकट मिळतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "डाळिंबं."

माझा धाकटा भाऊ कळस गावात असतो. वडिलांनी लावलेली डाळिंबाची बाग तोच बघतो. त्या वर्षी बागेवर तेल्या आला होता. तेल्या म्हणजे फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकतं आणि बाजारात कुणी हात लावत नाही. अशी फळं बांधावर टाकून द्यावी लागतात. मी फोन करून म्हटलं, मला ती फळं हवीत. तो म्हणाला, "आक्का, बरी हाईस नव्हं? चांगली डाळिंबं धाडतो की. ती कशाला खातीस?"

"खायला नाही रे. साली हव्यात."

"सालींचं काय करायचंय?"

"पाण्यातलं तांबं काढायचंय."

तो हसला. माझं म्हणणं त्याला खरं वाटलं नसावं, पण पुढच्या शनिवारी त्यानं दोन पोती टेम्पोतून पाठवून दिली. त्याच तेल्यासाठी तो मोरचूद आणि चुन्याचं पाणी बागेवर फवारतो. मोरचूद म्हणजे तांब्याचंच निळं मीठ. म्हणून काम सुरू करण्याआधी त्या सालींवर आधीच किती तांबं बसलंय हे मला तपासावं लागलं. होतं थोडं. चांगलं धुतलं की जायचं.

सालींचं काम वेळखाऊ होतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. फळ फोडायचं, दाणे वेगळे करायचे, साल पाण्यात उकळायची, पाणी ओतायचं, पुन्हा उकळायची. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघतं. ते स्वच्छ येईपर्यंत सहा-सात वेळा उकळायचं, नाहीतर एक घाण काढायला जाऊन पाण्यात दुसरीच सोडल्यासारखं होतं. मग गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घालायच्या, कुटायच्या, चाळायच्या. माझी बोटं काळपट पडली. शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "दंतमंजन करताय का?" एकदा खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं पोट बिघडलं तेव्हा त्यांच्या सुनेनं वाटीभर भुकटी मागून नेली. न वापरलेली, स्वच्छ धुतलेली होती, दिली. पण ती गुण यावा इतकी तुरटही उरली नव्हती.

प्रयोगशाळेत सगळं सुरेख जमलं. मी मोरचूद पाण्यात विरघळवून निळं पाणी करायची, त्यात भुकटी घालून हलवत ठेवायची, गाळायची. वर अमोनियाचे दोन थेंब टाकायचे. पाण्यात तांबं असेल तर ते गर्द निळं होतं. माझं पाणी बिनरंगी राहायचं. मी एकटीच टेबलाशी उभी राहून ते बिनरंगी पाणी उजेडात धरून बघायची. कुणाला तरी हाक मारून दाखवावं असं वाटायचं, पण शिपाई कुलूप घेऊन दाराशी उभा असायचा आणि बाकीचे केव्हाच घरी गेलेले असायचे.

सरांना निकाल दाखवले तर ते म्हणाले, "हे पाणी तुम्हीच बनवलेलं आहे. आता खरं पाणी आणा."

खरं पाणी मिळालं इंदापुरात. तिथे जुन्या बाजाराच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ तांब्या-पितळेची भांडी उजळून द्यायचे. पूर्वी त्यांचा कल्हईचा धंदा होता. पुढे लोकांनी स्टील घेतलं आणि कल्हई बंद पडली. आता गेली काही वर्षं हायवेवरच्या हॉटेलांना तांब्याचे पेले, जग, ताटं लागायला लागली. ती काळी पडली की यांच्याकडे येत. भांडं पातळ केलेल्या तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवायचं, मग पाण्यात खळखळून काढायचं, मग घासायचं. ते खळखळलेलं पाणी रोज मागच्या गटारात जायचं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी थेट सांगितलं की मला तुमचं सांडपाणी बाटलीत भरून न्यायचंय. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"सरकारकडनं आलाय का?"

"नाही, मी कॉलेजात शिकवते."

"मग पानी कशाला तपासता? माझ्याकडं तसलं काय न्हाय." आणि त्यांनी पाठ फिरवली.

मी एसटीनं परत आले. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले, पण या वेळी आईचा तांब्याचा हंडा घेऊन. हंडा खरंच काळा पडला होता, पण मी त्यासाठी गेले नव्हते हे मला माहीत होतं. त्यांनी मला ओळखलं. हंडा हातात फिरवून पाहिला. "जुना हाय. ठोक्याचा. कुनाचा?"

"आईचा. ती गेली."

"अल्ला," एवढंच म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. हे दुसऱ्याच्या हाती द्यायचं काम न्हाय."

त्यांनी स्वतः तो हंडा धुतला, घासला. तासभर लागला. मी बसून राहिले. काम संपल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, मी खोटं बोलले. हंडा निमित्त होतं. मला पाणीच हवंय."

त्यांनी हात पुसले. मग उठून मागचं दार उघडलं आणि मला बोलावलं. मागे चार-पाच हात रुंद मोकळी जागा, गटार, आणि भिंतीशी एका लिंबोणीचा वाळका बुंधा. "ही माझ्या बायकोनं लावल्याली," ते म्हणाले. "ती व्हती तवर शेरभर लिंबं यायची. ती गेली अन् मी गटार साफ करायचं सोडलं. पानी तुंबलं, हिच्या मुळात मुरलं. वाळली. लोक म्हनले कीड लागली. कीड न्हाय, बाई. माझं पानीच हाय त्ये. मी कुनाला सांगितलं न्हाय." मग बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "भरा."

त्या पाण्यात माझ्या साली सपशेल नापास झाल्या. भुकटी घातली, हलवली, गाळली. अमोनियाचे दोन थेंब टाकायला गेले तर पाच थेंबांनीही रंग येईना, कारण पाणी इतकं आंबट होतं की अमोनियाच त्यात मरून जात होता. आणखी टाकला, तेव्हा पाणी गर्द निळं झालं. जसंच्या तसं. वर्षभराचं काम त्या परीक्षानळीत मला दिसलं. मी ती धुऊन ठेवली, घरी आले आणि दोन दिवस रजा टाकली. रजेचं कारण काय लिहावं कळेना. 'घरगुती' लिहिलं. घरात मी एकटी.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. कुणाला तरी सांगायचं होतं. सरांना फोन करायचा धीर होईना, भावाला कळलं नसतं. मी इंदापूरच्या एसटीत बसले.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे साल तांबं धरतच न्हाय?"

"धरते. पण तुमच्या पाण्यात तेजाब फार. एसटीत कसं होतं, आपण चढायच्या आधीच खिडकीतून कुणीतरी सगळ्या सीटवर रुमाल टाकलेले असतात. तसं तेजाबानं सालीवरच्या सगळ्या जागा आधीच धरून ठेवल्यात. तांब्याला बसायला जागा नाही."

ते मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "मग रुमाल उचला की!"

रुमाल उचलायला, म्हणजे तेजाब मारायला, चुना लागतो. ते मलाही ठाऊक होतं, पण चुना जास्त झाला की तांबं आपोआप गाळ होऊन खाली बसतं, आणि तेही चाचांनी लगेच ओळखलं. माझ्यासमोर बादलीत चुन्याची निवळी ओतली, ढवळली, पाणी निवळू दिलं. निळसर हिरवा गाळ खाली, पाणी वर नितळ. "बघा. मग सालीचं काय काम?"

खरं सांगायचं तर एसटीत परत येताना मला त्यांचा रागच आला होता. पण ते नितळ पाणी मी बाटलीत भरून आणलं होतं. ते पुण्याला पाठवलं. तिथल्या यंत्रानं सांगितलं की डोळ्याला न दिसणारं तांबं त्यात अजून उरलंय, झाडाला आणि माशाला पुरेसं. चुन्यानं मोठं काम होतं, शेपूट राहतं. ते शेपूट साली धरत होत्या. माझा प्रबंध एवढ्या शेपटावर उभा आहे. पण ते शेपूट खरं होतं.

त्यानंतरचे चौदा-पंधरा महिने मी बहुतेक रविवारी इंदापूरला गेले. चाचांच्या मागच्या जागेत आम्ही दोन पिंपं मांडली. पहिल्यात चुना, तोही बेतानं, कारण जास्त झाला तर पुढच्या साली तपकिरी रंग सोडत. दुसऱ्यात तळाला खडी, वर सालींचे तुकडे. भुकटी नव्हे, तुकडे, कारण भुकटीनं पिंप तुंबलं आणि चाचा सकाळभर काठीनं खुपसत बसले होते. पाणी वरून हळूहळू सोडायचं, खालच्या नळीतून थेंब थेंब यायचं. ते येईपर्यंत आम्ही चहा घ्यायचो.

बोलायचे तेच जास्त. कल्हईच्या दिवसांबद्दल, गावोगावच्या फेऱ्यांबद्दल. बावड्याला गेलं की तीन दिवस तिथेच मुक्काम, गल्लीत भाता मांडला की आख्खी आळी भांडी घेऊन यायची. "आता कुनी येत न्हाय. हाटेलवाला पोतं आनून टाकतो अन् फोनवर सांगतो, कवा न्यायची. तोंड बी बगत न्हाय." एकदा त्यांनी विचारलं, "तुमाला घरी कोन हाय?" मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, "मला लेक हाय, सोलापुरात. दर जुम्म्याला फोन करती. चल म्हनती." आणि मग, "म्या गेलो तर दुकान?" त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते माझ्या प्रबंधासाठी वाटतंय असं मी स्वतःला सांगितलं.

भरलेल्या सालींचं काय करायचं हाही प्रश्न त्यांचाच. "पान्यातलं तांबं आता सालीत आलं. ह्या कुठं टाकायच्या? गटारात टाकल्या तर झालं, आपलं आपल्यालाच फशिवलं." मी सांगितलं की कॉलेजच्या प्रयोगशाळेचा घातक कचरा न्यायला वर्षातून एकदा गाडी येते, तिच्यात देऊ. गाळाचे डबे आणि सालींच्या पिशव्या मी एसटीतून बारामतीला न्यायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, पिशवीत काय?" म्हटलं, "डाळिंबाच्या साली." तो म्हणाला, "इंदापुरात येऊन डाळिंबं खाल्ली आन् साली बारामतीला?" आख्खी गाडी हसली. मीही हसले. खूप दिवसांनी माणसांच्या घोळक्यात हसले होते.

त्या काळातच आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मी इथे लिहितेच. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला आमच्या कॉलेजात मुलं मोरचुदाचं पाणी वापरतात आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतून देतात. बावीस वर्षं माझ्यासमोर ओतत होती. मी स्वतः 'नळ सोडा, म्हणजे डाग पडणार नाहीत' असं सांगायची. ते चाचांना सांगायला मात्र मला लाज वाटली. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चला, मी एकटाच न्हाय म्हनायचं." पुढच्या सत्रापासून मी प्रयोगशाळेत बेसिनशेजारी एक झाकणाचं पिंप ठेवलं. मुलं त्यात ओततात. कधी ओततात, कधी विसरतात.

मग एका रविवारी मी वाळवलेल्या सालींची पिशवी घेऊन गेले तर दुकान बंद. शटरला नवीन कुलूप. शेजारच्या पानटपरीवाल्यानं सांगितलं, "चाचाला पडल्यावर लागलं. गुरुवारी लेक आली अन् घिऊन गेली. सामान बी आवरलं."

"कुठे पडले?"

"मागं, पिंपाजवळ. ओल व्हती म्हनं."

त्या टपरीच्या बाकावर मी बसून राहिले. ती ओल आमच्या नळीची होती. मागच्याच आठवड्यात ती ठिबकत होती आणि मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी येताना नवी घेऊन येते. नवी नळी माझ्या पिशवीत होती. टपरीवाल्याकडून लेकीचा नंबर घेतला. तिथूनच फोन लावला. ती गोड बोलली. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं, आता बरे आहेत. "अब्बा तुमची आठवण काढतात. म्हणतात, बाईंना सांग, पाणी सोडायचं राहिलं."

प्रबंध पूर्ण व्हायला आणखी आठ महिने लागले. तोंडी परीक्षेला भाऊ कळसहून आला, शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला. संपल्यावर म्हणाला, "आक्का, लई चांगलं बोललीस. कळलं न्हाय, पर चांगलं बोललीस." फवारणीची वेळ चुकेल म्हणून जेवणाला न थांबता गेला. बाकीच्यांनी पेढे खाल्ले, अभिनंदन केलं, पांगले. चार वाजता मी पुण्याच्या स्टँडवर एकटीच उभी होते, हातात हार. हाराचं काय करावं कळेना. शेवटी तो बाकावर बसलेल्या एका छोट्या मुलीला दिला.

दोन आठवड्यांनी मी प्रबंधाची एक प्रत घेऊन सोलापूरला गेले. चाचा लेकीच्या घरी खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, बाजूला काठी. खूप वाळले होते. मला बघून उठायला गेले, मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. मनात साठलेलं एकदम बाहेर आलं. "चाचा, ती नळी मी आधी आणायला हवी होती."

"कुटली नळी?" ते म्हणाले. खरंच विसरले होते, की मला मोकळं करायला म्हणाले, मला आजही सांगता येणार नाही.

मी प्रबंध त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पानं उलटली, आलेखांवरून बोट फिरवलं. "यात माझं कुठं हाय?"

मला भीती होती तोच प्रश्न. त्यांचं नाव मी आभारांत लिहिलं होतं. सरांनी ते काढायला लावलं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. गटारात तेजाब सोडणारा माणूस म्हणून छापील पुस्तकात नाव गेलं तर उद्या कुणीतरी नोटीस घेऊन दारात उभं राहिलं असतं. मी त्यांना तसंच सांगितलं. मग पान काढून दाखवलं. "हे बघा. नमुना क्रमांक तीन. हे सगळं तुमचं पाणी."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडा कळला. "तीन. पैला अन् दुसरा कुनाचा?"

"ते माझे. प्रयोगशाळेत बनवलेले. खोटे."

"म्हंजे खरं एकच." ते समाधानानं म्हणाले आणि लेकीला हाक मारून ती ओळ दाखवली. तिनं वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

लेकीनं आग्रहानं जेवू घातलं. निघताना चाचा म्हणाले, "हितं कुनाचं भांडं न्हाय, काम न्हाय. सगळी चांगली हायती, पर दिस जात न्हाय, बाई. तुमी येत जावा." मी हो म्हटलं. बारामतीहून सोलापूर म्हणजे जायला-यायला सगळा दिवस जातो. तरी गेले. वर्षभरात तीनदा गेले. चौथ्यांदा जायच्या आधी लेकीचा फोन आला, तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

पीएचडी झाली म्हणून माझ्या आयुष्यात फार काही बदललं नाही. दारावरच्या पाटीत एक शब्द वाढला. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, घरात आणखी कुणाचं नाव टाकायचं का. मी म्हटलं, एवढंच. रविवारी आता मी सकाळी कपडे धुते, भावाला फोन करते, दुपारी पेपर तपासते. मधेच कधी तरी घरातल्या घरात मोठ्यानं काहीतरी बोलते, आवाज जागेवर आहे ना ते बघायला.